उचललेले चित्र आणि आलेली नोटीस

यमुनेच्या पलीकडे, पूर्व दिल्लीत, मराठी माणसांचे एक जुने मंडळ आहे. गणपती, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि वर्षाकाठी एखादे नाटक एवढाच त्याचा संसार. वर्गणीतून मांडवाचे भाडे आणि प्रसादाचा खर्च भागला म्हणजे कार्यकारिणीला कृतकृत्य वाटते. अशा या मंडळाला गेल्या वर्षी ईमेलने एक नोटीस आली. मंडळाच्या संकेतस्थळावर कोजागरीच्या जुन्या निमंत्रणाचे एक पान होते आणि त्या पानावर हुमायूनच्या मकबऱ्याच्या घुमटाशेजारी उगवलेल्या पूर्णचंद्राचे एक सुरेख छायाचित्र होते. हे छायाचित्र आमच्या अशिलाचे असून आपण ते विनापरवाना वापरले आहे. त्यामुळे स्वामित्वहक्काचा भंग झाला आहे. तरी १४ दिवसांच्या आत ४५,००० रुपये भरावेत, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करणे भाग पडेल, असा त्या पत्राचा आशय होता.

बैठक तातडीने भरली. खजिनदार हे निवृत्त शिक्षक. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. सत्तरी उलटलेला हा गृहस्थ आदल्या रात्री झोपलेला नव्हता. पैसे भरून मोकळे व्हावे, कमी पडले तर मी माझ्या पेन्शनीतून घालतो, असे ते म्हणाले. दुसऱ्या एका सभासदाचे मत याच्या अगदी उलट. हा सारा भामटेपणा आहे, अशी पत्रे रोज हजारो लोकांना जातात, केराची टोपली दाखवावी, असे त्यांनी ठासून सांगितले. संकेतस्थळ सांभाळणारा तरुण मात्र निर्धास्त होता. "काका, मी कालच ते चित्र काढून टाकलं. आता पुरावाच राहिला नाही," असे तो मला म्हणाला. मला या बैठकीस बोलावण्याचे कारण एवढेच की मी सरकारी नोकर आहे. आणि ज्याच्या हाताखालून फायली जातात त्याला कायदा कळतो, असा आपल्या समाजाचा एक जुना आणि बराचसा निराधार समज आहे. मी वकील नव्हे. परंतु त्या निमित्ताने मला जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि लिहावे लागले, ते इतरांच्याही उपयोगी पडण्याजोगे आहे, असे वाटल्यावरून ते येथे सांगत आहे.

प्रथम हे छायाचित्र कोणाचे तरी असू शकते काय, हाच प्रश्न आमच्या बैठकीत निघाला. चंद्र कोणाच्या मालकीचा नाही. मकबरा सोळाव्या शतकातला, तो आता राष्ट्राचा ठेवा. मग या दोघांच्या चित्रावर कोणी हक्क सांगावा हे कसे? प्रश्न भाबडा वाटला तरी वावगा नाही. कायद्याचे उत्तर असे की, हक्क चंद्रावर नाही आणि घुमटावरही नाही. तो त्या विशिष्ट चित्रावर आहे. त्याच जागी उभे राहून तुम्ही स्वतः छायाचित्र घेतलेत, तर ते तुमचे. इमारतीचे छायाचित्र काढल्याने इमारतीच्या रचनेवरील हक्काचा भंग होत नाही, असेही कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. मात्र दुसऱ्याने पौर्णिमेची संध्याकाळ गाठून, घुमटाच्या कडेला चंद्र नेमका येण्याची ती थोडकी घटका साधून जे टिपले, ते त्याच्या कष्टाचे आणि नजरेचे फळ होय. ते उचलणे म्हणजे चंद्र उचलणे नव्हे.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. त्यात छायाचित्राची गणना 'कलाकृती'त केली आहे, आणि तीही एका विलक्षण उदार शब्दयोजनेने: त्या कृतीत कलागुण असो वा नसो. म्हणजे एखाद्या हौशी माणसाने हलत्या हाताने काढलेले धुरकट चित्रदेखील संरक्षणास पात्र ठरते. हा हक्क नोंदणीने जन्मास येत नाही. चित्र निर्माण होताच तो निर्माण होतो. नोंदणीची सोय आहे, तिचे कार्यालय दिल्लीतच द्वारका येथे आहे, आणि वाद उपस्थित झाल्यास नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. परंतु नोंदणी नाही म्हणून हक्क नाही, असे म्हणता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली संजय सोया कंपनीच्या प्रकरणात हे पुन्हा स्वच्छ सांगितले. तेव्हा "तुमच्याकडे नोंदणीचा दाखला आहे काय?" एवढाच प्रश्न उलट टपाली विचारून जो विजयी मुद्रेने बसतो, तो स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

मुदतीविषयीही लोकांच्या कल्पना जुन्या आहेत. छायाचित्रावरील हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे टिकतो, हे २०१२ पर्यंत खरे होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठी असलेले ते निराळे कलम गळले आणि छायाचित्रकाराला लेखकाच्या व चित्रकाराच्या पंक्तीत बसवण्यात आले. आता हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पन्नास वर्षांपूर्वीचे दिल्लीचे एखादे दृश्य 'जुने झाले' म्हणून बिनदिक्कत वापरू पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

हक्क असू शकतो हे ठरले. पण तो नोटीस पाठवणाऱ्याचाच आहे, हे मात्र केवळ त्याच्या म्हणण्यावरून ठरत नाही. येथे घाईने पैसे भरणारा फसतो. अमेरिकेतील कॅरोल हायस्मिथ या विख्यात छायाचित्रकार बाईंची हकीकत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. त्यांनी आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयास दिली, आणि ती सर्वांनी विनामूल्य वापरावीत अशी मुभा ठेवली. २०१५ च्या डिसेंबरात त्यांच्याच संस्थेला एक मागणीपत्र आले: तुमच्या संकेतस्थळावर अमुक छायाचित्र विनापरवाना आहे, १२० डॉलर भरावेत. ते छायाचित्र खुद्द हायस्मिथबाईंनीच काढलेले होते! पुढच्या वर्षी त्यांनी प्रचंड रकमेचा दावा लावला; न्यायालयाने त्याचा मुख्य भाग फेटाळला, ही गोष्ट निराळी. आपल्यापुरता बोध असा की, वसुलीचे काम आता यंत्रे करतात. संगणक जगभरची पाने चाळतो, सारखी चित्रे जुळवतो आणि पत्रे धाडतो. चित्र जुळले म्हणजे मालकी जुळली, असे होत नाही.

मालकी ठरवण्याचा नियम आपल्या कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. सामान्यतः जो छायाचित्र काढतो तो पहिला मालक. परंतु कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर मालक तो काढवून घेणारा. करोलबागेतल्या स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढवलेल्या लग्नाच्या छायाचित्रांचे मालक, दुसरा करार नसल्यास, पैसे देणारे वधूवरांकडील लोकच असतात, हे पुष्कळ स्टुडिओवाल्यांनाही ठाऊक नसते. सरकारी कामाचे मालक सरकार. वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्राचे नियतकालिकात छापण्यापुरते मालक वृत्तपत्राचे चालक, आणि इतर उपयोगापुरता, उलट करार नसल्यास, छायाचित्रकार स्वतः. आणि मूळ मालकाने हक्क दुसऱ्यास दिला असेल, तर ते हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२३ साली आलेल्या एका दाव्यात हा गुंता फार चांगला उकलला गेला. सामान्य माणसांच्या कहाण्या छायाचित्रांसह प्रसिद्ध करणाऱ्या 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' या मुंबईच्या संस्थेने 'पीपल ऑफ इंडिया' या तशाच दुसऱ्या संस्थेवर दावा लावला की, आमची कल्पना, आमची मांडणी आणि आमची छायाचित्रेही त्यांनी उचलली. न्यायालयाने म्हटले, माणसांच्या कहाण्या सांगण्याच्या कल्पनेवर कोणाचीही मक्तेदारी नाही. ती ज्या शब्दांत आणि ज्या रूपात मांडली, त्या रूपावर हक्क असतो. छायाचित्रांचीही त्यांनी वर्गवारी केली. संस्थेने स्वतः काढवून घेतलेली छायाचित्रे संस्थेची. परंतु ज्याची कहाणी आहे त्या माणसाने आपल्या घरच्या संग्रहातून पाठवलेली छायाचित्रे संस्थेची होतातच असे नाही. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या स्वामित्वहक्काच्या कृती वापरू नयेत, असे ठरून दावा निकालात निघाला. एकाच पानावर शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन चित्रांचे मालक दोन असू शकतात, हे ज्यांना नोटीस येते त्यांनी आणि जे नोटीस पाठवतात त्यांनीही ओळखले, तर अर्धी भांडणे पत्रावरच मिटतील.

आमच्या मंडळाच्या तरुणाकडे आता वळतो. चित्र काढून टाकले हे त्याने योग्यच केले. पण ज्या घाईने केले ते योग्य नव्हे. नोटीस येताच पहिले काम पुरावा जपण्याचे, दुसरे काम चित्र हटवण्याचे. ते पान कसे दिसत होते, चित्राचा आकार केवढा होता, ते केव्हा चढवले, कोठून घेतले, किती लोकांनी पाहिले, या साऱ्याची नोंद आणि पडद्याची छायाप्रत आधी काढून ठेवावी. ही नोंद केवळ विरुद्ध पक्षाच्या सोयीची नसते. चित्र अंगठ्याच्या नखाएवढे होते आणि पान वर्षभरात मोजक्याच माणसांनी उघडले होते, हे पुढे आपल्यालाच सिद्ध करावयाचे असते. शिवाय 'पुरावा नाही' ही समजूत मुळात खोटी. नोटीस पाठवणाऱ्याने पानाची प्रत आधीच घेतलेली असते. आणि नोटिशीनंतर केलेली पुसापूस न्यायालयात फारच वाईट दिसते. चित्र हटवताना ते पानावरून निघाले की नाही एवढेच पाहू नये. मूळ फाइल सर्व्हरवर तशीच पडून असते आणि थेट पत्त्याने उघडते. तीही काढावी. तक्रार परस्पर संकेतस्थळाला जागा देणाऱ्या कंपनीकडे गेली, तर ती कंपनी ३६ तासांत ते पान बंद करते आणि २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आला नाही तर पुन्हा खुले करू शकते. पण तेवढी वेळ येऊ देऊ नये.

कोठून घेतले, या प्रश्नाचे उत्तर त्या तरुणाला देता येईना. मूळ चढवणारा मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेलेला. त्याला दूरध्वनी केला. "गूगलवर मिळालं होतं," असे तो म्हणाला. हे उत्तर म्हणजे पुस्तक कोणाचे या प्रश्नाला 'ग्रंथालयात मिळाले' असे सांगण्यासारखे आहे. गूगल ही सूची आहे, मालक नव्हे. मात्र हे उत्तर नीट खणावे लागते, कारण सूचीत सापडणारी पुष्कळ चित्रे खरोखरच मुक्त असतात. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेले परवाने हजारो छायाचित्रकार आपल्या चित्रांना लावतात. विकिपीडियावरची बहुतेक छायाचित्रे अशीच असतात. त्यांची अट बहुधा एवढीच की छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचे नाव खाली द्यावे. ते दिले नाही तर परवाना संपुष्टात येतो, आणि काही मंडळी नेमकी ही चूक हेरून नोटिसा पाठवतात. परंतु त्या परवान्याच्या चौथ्या आवृत्तीत एक दिलासा आहे: चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर परवाना आपोआप पुन्हा सुरू होतो. आपले चित्र या जातीचे निघाले, तर नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी नाव घालणे हेच पहिले उत्तर. आमचे चित्र दुर्दैवाने या जातीचे नव्हते.

आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि ती मला व्यक्तिशः सर्वांत लाजिरवाणी वाटली. मूळ चित्राच्या उजव्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव बारीक अक्षरांत होते. निमंत्रणाच्या चौकटीत चित्र बसत नव्हते म्हणून त्या मुलाने कोपरा कापला होता. त्याच्या मनात काहीही कपट नव्हते. परंतु कायद्याच्या दृष्टीने या कापण्यात दोन वेगळे दोष संभवतात. हक्काची ओळख पटवणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र अपराध आहे. आणि दुसरा दोष कलम ५७ चा. कर्त्याने आपले हक्क विकून टाकले असले, तरी या कृतीचा कर्ता मी, हे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड करून आपल्या कीर्तीला बाध आणणाऱ्यास रोखण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच.

या कलमाचा भारतातील सर्वांत गाजलेला खटला दिल्लीतच झाला, आणि त्यात प्रतिवादी होते भारत सरकार. मी ज्या विज्ञान भवनात अनेक बैठकांना जातो, त्याच्या भिंतीवर अमरनाथ सहगल या शिल्पकाराने ब्राँझचे एक भव्य भित्तिशिल्प घडवले होते. सरकारनेच १९५७ साली ते काम त्यांच्यावर सोपवले होते. देशोदेशीचे पाहुणे ते पाहून जात. १९७९ साली इमारतीच्या डागडुजीच्या वेळी ते खाली उतरवले गेले आणि तुकडे गोदामात पडले. कोणी दुष्टपणाने केले असे नाही. मला तर त्या काळची फाइलच डोळ्यांपुढे दिसते: 'जागा रिकामी करणे' असे काहीसे शीर्षक, चार सह्या, आणि शिल्पकाराला विचारावे असे कोणाच्या टिपणात नाही. सहगल पत्रे लिहीत राहिले. १९९२ साली ते न्यायालयात गेले. २००५ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करावेत आणि सरकारने त्यांना ५ लाख रुपये नुकसानभरपाई द्यावी. शिल्पाचा मोबदला सरकारने दिला होता, शिल्प सरकारच्या भिंतीवर होते. तरीही कर्त्याचे नाते तुटलेले नव्हते. गुरुजींना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सरकारलाही विचारावं लागतं!" विचारावे लागते, आणि आमची कार्यालये आपापल्या पुस्तिकांवर आणि संकेतस्थळांवर जी छायाचित्रे चिकटवतात, ती कोणाची हे किती वेळा विचारले जाते, याविषयी मी येथे अधिक न बोललेलेच बरे.

छायाचित्राखालच्या नावाला काय मोल असते हे होमाई व्यारावाला यांच्या चरित्रावरून कळते. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि दिल्लीत कित्येक वर्षे काम केलेल्या या आपल्या देशातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार. आरंभी त्यांची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत. ज्यांना आपण त्या काळची दिल्ली म्हणून ओळखतो, ती पुष्कळशी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली दिल्ली आहे. परंतु ते डोळे कोणाचे हे वाचकाला कळावयास काळ जावा लागला.

असो. आता बचावाचे मुद्दे. मंडळ नफा कमावत नाही, हा आमच्या बैठकीतला सर्वांत जोरकस मुद्दा होता, आणि कायद्यात त्याचे वजन सर्वांत कमी निघाले. खाजगी उपयोग, संशोधन, टीका-परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी केलेला रास्त वापर हक्कभंग ठरत नाही; शिकवण्यासाठीही निराळी सवलत आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने तिचा उदार अर्थ लावला. परंतु कोजागरीच्या निमंत्रणाची शोभा वाढवणे यांपैकी कशातच बसत नाही. नफा नव्हता हे रक्कम ठरवताना सांगावे. हक्कभंग झालाच नाही, असे त्यावरून सांगू नये. दुसरा मुद्दा अज्ञानाचा. या चित्रावर हक्क असेल याची कल्पना नव्हती आणि तसे मानण्यास कारणही नव्हते, हे प्रतिवादीने सिद्ध केले, तर मनाईहुकूम आणि झालेल्या नफ्याचा वाटा यांपलीकडे वादीला काही मिळत नाही, अशी तरतूद कलम ५५ मध्ये आहे. तरतूद चांगली, पण ज्याने नाव असलेला कोपरा कापला त्याने ती सांगावी हे अवघड. तिसरा मुद्दा मुदतीचा. चित्र चढवून साडेतीन वर्षे झाली होती आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. गुरुजींच्या वकील भाच्याने हा मुद्दा मोठ्या उत्साहाने काढला. पण पान नोटिशीच्या दिवसापर्यंत खुले होते, आणि चालू राहणाऱ्या अपकृत्याच्या बाबतीत मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते, असे मुदतीचा कायदाच सांगतो. भाचा गप्प बसला.

फौजदारी धमकीने गुरुजींची झोप उडाली होती, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निट प्रो या दिल्लीच्याच प्रकरणात सांगितले आहे. हे खरे. परंतु 'जाणूनबुजून' हा शब्दही तितकाच खरा आहे, आणि व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास शिक्षा कमी करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. उलट, निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार कलम ६० ने दिला आहे. तेव्हा कैदेचा उल्लेख दिसताच खिशात हात घालू नये आणि हसूही नये.

उरला पैशाचा प्रश्न, आणि खरे सांगावयाचे तर बहुतेक नोटिशींत प्रश्न एवढाच असतो. अमेरिकेत अशा हक्कभंगाला कायद्यानेच दर ठरवले आहेत: नोंदणी वेळेवर झालेली असल्यास एका कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि हेतुपुरस्सर असेल तर १,५०,००० डॉलरपर्यंत. जगभर फिरणाऱ्या मागणीपत्रांची भाषा पुष्कळदा त्या दरांच्या छायेत घडलेली असते. आपल्या कायद्यात असा दर नाही. येथे वादीला आपले नुकसान किंवा प्रतिवादीचा नफा दाखवावा लागतो. आणि अशा वापरासाठी तो छायाचित्रकार सामान्यतः जे शुल्क घेतो, तेच त्याचे सर्वांत स्वाभाविक माप. दाव्याची किंमत ३ लाखांवर गेली तर तो वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीची दाद मागितलेली नसल्यास आधी मध्यस्थीची पायरी चढणे बंधनकारक आहे. वादी आपण जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथेही दावा लावू शकतो, ही गोष्ट मात्र छोट्या संस्थांनी विसरू नये. परगावच्या एका तारखेचा खर्च पुष्कळदा मागितलेल्या रकमेहून जड होतो.

उत्तराचे पत्र मी लिहिले आणि एका वकीलबाईंना दाखवले. त्यांनी माझी दीड पानांची प्रस्तावना एका रेघेने उडवली. सरकारी मसुद्याची सवय जाता जात नाही. उरले ते असे. आपले पत्र अमुक तारखेस मिळाले. आमच्या हक्कांना बाध न येता आणि कोणतीही जबाबदारी मान्य न करता कळवतो की, ते चित्र व त्याची फाइल अमुक दिवशी काढली आहे. आपण हक्काचे मालक असल्यास किंवा मालकाने आपणांस अधिकार दिला असल्यास त्याचा लेखी पुरावा पाठवावा. चित्र प्रथम केव्हा व कोठे प्रसिद्ध झाले ते सांगावे. मागणीची रक्कम कशी काढली, आणि अशाच वापरासाठी आपण प्रत्यक्षात कोणते शुल्क आकारता, ते कळवावे. आम्ही वर्गणीवर चालणारी संस्था असून त्या पानावर जाहिरात वा विक्री नव्हती. पुरावा समाधानकारक असल्यास रास्त शुल्काबाबत बोलणी करण्यास आम्ही तयार आहोत. एवढेच. 'क्षमस्व' हा शब्द मी घातला होता, तो वकीलबाईंनी काढला. आणि पत्र मुदतीच्या आधी गेले.

उत्तर यावयास तीन आठवडे लागले. छायाचित्रकाराने त्या वसुली संस्थेला दिलेले अधिकारपत्र सोबत होते, मूळ चित्राची संपूर्ण प्रत होती, आणि आमच्यासारख्या वापराचा तिचा स्वतःचा दर होता. तो मागणीच्या पाव हिश्शाहूनही कमी होता. मध्ये दोन पत्रे गेली. अखेर ८,००० रुपयांवर तडजोड झाली. तडजोडीच्या कागदावर, ही रक्कम मागील वापराच्या सर्व दाव्यांची पूर्ण फेड समजावी आणि यापुढे या चित्राबद्दल कोणी मागणी करणार नाही, ही दोन वाक्ये असावीत, असा वकीलबाईंचा आग्रह होता. ज्यांनी नुसते पैसे पाठवले आणि वर्षाने दुसऱ्याच नावाची नोटीस आली, अशांची प्रकरणे त्यांनी पाहिली होती.

छायाचित्रकार फरीदाबादेस राहणारा एक तरुण निघाला. तडजोडीनंतर गुरुजींनी मला न विचारता त्याला दूरध्वनी केला. मला थोडी धास्ती वाटली. पण बोलणे फार सरळ झाले. ते चित्र साधावयास तीन पौर्णिमा गेल्या होत्या. पहिल्या दोन वेळा ढग होते. मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा वसुली संस्था ठेवते, हेही त्याने सांगितले. आधी विचारले असते तर मंडळाला तो ते चित्र नावाच्या बदल्यात फुकटही देता, असे तो म्हणाल्याचे गुरुजी सांगतात. गुरुजी कधी कधी गोष्ट थोडी गोड करून सांगतात. पण या वर्षीच्या कोजागरीच्या निमंत्रणावर तेच चित्र आहे, पूर्ण, कोपऱ्यासकट. त्याच्या परवानगीचा ईमेल छापून गुरुजींनी तो जमाखर्चाच्या वहीत चिकटवला आहे, आणि त्या पानावर 'चित्रे' असे एक नवे सदर आखले आहे.